शिर्डीला चेन्नई जवळ

चेन्नईहून विमानात बसलेला माणूस दोन तासांत शिर्डीला उतरतो. नगरहून एसटीत बसलेला माणूसही दोन तासांत शिर्डीला उतरतो, म्हणजे उतरावा अशी अपेक्षा असते. चेन्नई साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे, नगर ८५ वर. चेन्नईकराला वाटेत अख्खं दख्खनचं पठार लागतं. नगरकराला राहुरी लागते.

या विषयात आम्ही पडलो ते शेजारच्या काकूंमुळे. त्यांचे चिरंजीव न्यू जर्सीत असतात आणि नाताळच्या सुट्टीत येणार होते. काकूंनी मोबाइल पुढे केला. त्यात कुणीतरी हुशारीनं काढून दिलं होतं, न्यू यॉर्क ते शिर्डी, हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

"साडेबारा हजार म्हणजे किती वेळ रे?"

"विमानात पंधरा-सोळा तास धरा, काकू. मध्ये उतरून बदलायचं असेल तर वेगळं."

"बरं. आणि वरचे ८५?"

आम्ही गप्प. साडेबारा हजारांचं उत्तर कुणीही देतं हो. वरच्या ८५ चं उत्तर द्यायला विळदचा घाट, देहरे, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर आणि राहाता एवढ्या सगळ्यांची परवानगी लागते.

'हवाई अंतर' हा शब्द मात्र मोठा प्रामाणिक आहे. हवेतल्या गप्पा, हवेतले इमले, तसं हवेतलं अंतर. जमिनीशी त्याचा संबंध नाही हे तो स्वतःच सांगतो. आपली जुनी मापं निदान पायाखालच्या वाटेला धरून होती. टाकळी ढोकेश्वरच्या नाक्यावर एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, गाव किती लांब आहे? "हे काय, टप्प्यात आलं." हा टप्पा दोन किलोमीटरचा निघतो किंवा अकराचा. पण म्हाताऱ्यानं त्यात चढ, ओढा आणि वाटेत भेटणारा पाहुणा, तिन्ही धरलेलं असतं. मोबाइल पाहुणा धरत नाही.

काकूंचं स्वतःचं एक विमानशास्त्र आहे. मागच्या जानेवारीत चिरंजीव परत गेले तेव्हा विमान मुंबईहून रात्री दीडला सुटलं आणि त्याच तारखेला सकाळी सातला तिकडे टेकलं. काकूंनी बोटं मोजली. साडेपाच तास! त्याला मुंबईला सोडायला गेलेली गाडी माळशेजमार्गे नगरला परत यायला सहा तास लागले होते. तेव्हापासून काकूंच्या हिशोबी अमेरिका ही माळशेज घाटापेक्षा अलीकडे आहे.

आम्ही समजावू पाहिलं, की तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, तेवढे मिळवा म्हणजे सोळा होतात. काकू म्हणाल्या, "मागे असतं तर मिळवायचे कशाला?" यावर उत्तर होतं, पण चहा आला.

येताना तोच प्रवास उलटा वागतो. दुपारी बाराला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो आणि मधला जवळजवळ एक दिवस कुणीतरी गिळलेला असतो. गंमत म्हणजे येतानाचं उड्डाण खरं तर लवकर संपतं. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरकस लोट वाहत असतो. पूर्वेला येणारं विमान तो पाठीवर घेतं, पश्चिमेला जाणारं त्याच्याशी झुंजतं किंवा त्याला चुकवतं, आणि एवढ्या लांबच्या पल्ल्यात त्यानं तास-दीड तासाचा फरक सहज पडतो. अंतर तेवढंच, वेळ निराळी. नगरकराला यात नवीन काही सांगायला नको. ज्यानं सुप्याच्या माळावर पवनचक्क्यांच्या खालून नगरच्या दिशेनं सायकल हाणली आहे आणि परतही आणली आहे, त्याला वाऱ्याचं राजकारण पाठ असतं.

काकूंना खरा राग नकाशाचा होता. अमेरिका पश्चिमेला, मग विमान वर रशियाकडे कशाला जातं? पेट्रोल का जाळतं? त्या वेळी त्या लाल भोपळा चिरायला बसल्या होत्या. आम्ही भोपळा उचलला. करंड्यातलं कुंकू घेऊन एक ठिपका मुंबईचा, पलीकडच्या अंगाला एक न्यू यॉर्कचा. काकूंच्या शिळ्या गजऱ्याचा दोरा सोडवला, एक टोक मुंबईवर त्यांच्या अंगठ्याखाली, दुसरं न्यू यॉर्कवर आमच्या. आधी दोरा भोपळ्याच्या पोटावरून नेला, जसं नकाशा सांगतो. मग ताणला. ताणल्याबरोबर तो सरकला आणि देठाच्या बाजूला चढला. रशिया, नॉर्वे, आइसलँड, सगळं देठाकडे. नकाशावर जी वाट फुगीर कमान दिसते ती गोल पृथ्वीवर सगळ्यांत आखूड निघते.

काकू दोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे सरळ जायचं तर वाकडं जायला लागतं."

"हो."

"हे मला या घरात लग्न होऊन आले तेव्हाच कळलं." आणि भोपळा परत घेतला.

अर्थात आखूड वाट आहे म्हणून ती मिळतेच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानांना एकदम खाली गुजरातकडे उतरून, अरबी समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. जगभर बातम्या झाल्या, तज्ज्ञ बसले, वाढीव खर्चाचे आकडे आले. इकडे ओढ्याला पूर येऊन फरशी पूल पाण्याखाली गेला की आमच्या तालुक्यातली माणसं चौदा किलोमीटरचा वळसा घेतात, आणि त्याची बातमी म्हणजे कंडक्टर ओरडतो, "ज्यांना उतरायचं त्यांनी इथंच उतरा."

असो. विमानतळाकडे येऊ. आमच्या जिल्ह्याला विमानतळ आहे, उगाच बिचारे समजू नका. कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात, शिर्डीपासून पंधराएक किलोमीटरवर. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं, साईबाबांच्या समाधीची शताब्दी तोंडावर होती. पहिलं विमान मुंबईचं. मुंबई ते काकडी सरळ अंतर १७० किलोमीटर, विमान पाऊण तासाच्या आत. म्हणजे मुंबईतल्या माणसानं घरून विमानतळावर जायला दोन तास, तिथं आधी येऊन बसायला दोन तास, आणि हवेत पाऊण तास. या पाऊण तासाला 'मुंबई-शिर्डी प्रवासाचा वेळ' असं म्हणतात.

पुढची साडेसात वर्षं इथं अंधार पडला की कारभार बंद. रात्री विमान उतरायला २०२५ उजाडावं लागलं. तोवर आमच्या विमानतळाचे तास रेशन दुकानासारखे होते, दिवेलागणीला शटर.

धावपट्टी अडीच किलोमीटरची. जिल्ह्यात एकही खड्डा नसलेला सलग अडीच किलोमीटर रस्ता कुठला, असं कुणी विचारलं तर आम्ही तीच दाखवतो. फक्त तिच्यावर एसटी जात नाही.

आणि विमानावरच थांबलंय असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. नागपूरकर सकाळचा नाश्ता करून निघतो आणि जेवायला शिर्डीत असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत आली, कल्याण, नाशिक, मनमाड करत सव्वापाच तासांच्या आसपास. विमान, वेगवान रस्ता, वेगवान रेल्वे, तिन्ही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येतात, बाबांच्या पाया पडतात आणि तिथूनच आपापल्या वाटेला लागतात. नगर शहर खाली ८५ किलोमीटरवर बसून त्यांना बघत असतं. बघतही नसतं, दिसत नाही तिथून.

भाविकांबद्दल तक्रार नाही. हैदराबादचा, चेन्नईचा, दिल्लीचा माणूस श्रद्धेनं येतो, त्याला सोयीनं येता यावं. आणि बाबांबद्दल तर नाहीच. ज्यांच्यासाठी ही सगळी धावपळ, ते स्वतः शिर्डीत आल्यावर राहाता आणि निमगावच्या पलीकडे गेले नाहीत असं 'साईसच्चरित' सांगतं. त्यांना नगर-मनमाड रस्ता आधीच कळला असावा, एवढाच आमचा तर्क.

या रस्त्याचं काय सांगावं! दक्षिणेतून उत्तरेला जाणारे ट्रक त्यावर, उत्तरेतून दक्षिणेला येणारे त्यावर, शिर्डीच्या गाड्या त्यावर, शनिशिंगणापूरच्या त्यावर, आणि गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले वाढे, ट्रॅक्टरवर कणग्याएवढे स्पीकर, आणि मागे दिवा नाही. तुमच्या गाडीच्या काचेवर वाढ्यांची पाती घासत जातात, आत बसलेला माणूस उगाच मान मागे घेतो. ओव्हरटेक करायचं म्हटलं तर समोरून दुसरी जोडी येत असते. तिच्यावरही तेच गाणं लागलेलं असतं, दोन कडवी पुढे. आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना याच भागात, प्रवरानगरला उभा राहिला याचा आम्हाला अभिमान आहे. तो अभिमान आम्ही ताशी बारा किलोमीटरच्या वेगानं, उसाच्या मागून, बाळगत जातो.

बरं, काकडी नको म्हणाल तर नगरकराला पुण्याचं विमानतळ आहे. छत्रपती संभाजीनगरचं आहे. दोन्ही शहरं साधारण सारखीच लांब, ११५-१२० किलोमीटर. नगर हे असं मधोमध वसलेलं गाव आहे, की सगळीकडून सारखंच लांब पडावं. पुण्याचा रस्ता तर ऐतिहासिक. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती याच पुणे-नगर मार्गावर. निळं अंग, चंदेरी टप. त्या गाडीला शिक्रापूरला चाकणचे कंटेनर आडवे आले नव्हते आणि वाघोलीला वाघोली आली नव्हती. आता केडगाव ते शिरूर असे जाता की वाटतं जग सुधारलं. शंभर किलोमीटर होता होता वाघोली लागते आणि पुढच्या दहा-बारा किलोमीटरांत शिरूरपर्यंतची सगळी कमावलेली मिनिटं व्याजासकट परत करावी लागतात.

गेल्या वर्षी आमचं एक दिल्लीचं विमान असंच चुकलं. पुणे-दिल्ली हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास. नगरहून साडेचार तास आधी निघालो होतो. काउंटर बंद होऊन सहा मिनिटं झाली होती. कंपनीचं नाव घेत नाही, त्या मुलीचा दोष नव्हता. ती म्हणाली, "सर, थोडं लवकर निघायचं." आम्ही म्हणालो, "बाई, कालच निघायला हवं होतं." तिला तो विनोद वाटला. परत येताना वाघोली मोकळी होती, अगदी मोकळी. कुत्रं झोपलं होतं रस्त्याच्या मधोमध.

दिल्लीवरून आठवलं. काकडी ते दिल्ली सरळ अंतर हजार किलोमीटरच्या जरा वर, आज दोन तासांचं काम. याच दिशेच्या प्रवासात एका प्रवाशाचा विक्रम अजून मोडलेला नाही. औरंगजेब १६८१ मध्ये उत्तरेतून दक्षिणेवर निघाला, मराठे लगेच आटपतील अशा अंदाजानं. १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला वारला. परतीचं तिकीट वापरलंच नाही. पोचण्याच्या वेळेचा एवढा चुकलेला अंदाज पुढे कुठल्याही मोबाइलनं दिलेला नाही, अगदी शिक्रापूरचासुद्धा.

उलट वेळेत पोचलेला प्रवासही आमच्याकडे नोंदलेला आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या इतरांना पकडलं आणि खास गाडीत बसवलं. त्याच दिवशी मंडळी नगरच्या किल्ल्यात. विनातिकीट, सरकारी खर्चानं, थेट दारापर्यंत सोडणारी सेवा. मुक्कामाची सोय इतकी चोख, की बहुतेकांना पुढची अडीच-तीन वर्षं कुठे जावंच लागलं नाही.

हवाई अंतर खऱ्या अर्थानं लागू पडतं ते आमच्याकडे एकाच जमातीला. ती हेलिपॅडवर उतरते. दुष्काळ पडला, हवाई पाहणी. अतिवृष्टी झाली, हवाई पाहणी. वरून पीक दिसतं, पाणी दिसतं, गर्दीही दिसते. खड्डा दिसत नाही. खड्डा ही वस्तूच अशी आहे की तिची पाहणी बसून करावी लागते, तीही मागच्या सीटवर. हेलिकॉप्टर मुंबईहून तासाभरात जामखेडला येतं. जामखेडचा माणूस मात्र जिल्ह्याच्या कचेरीत दाखला आणायला सकाळी निघतो तो संध्याकाळच्या एसटीनं परततो, दाखला मिळाला तर. त्याला जिल्ह्याचं विमानतळ विचारा. दीडशेहून अधिक किलोमीटर. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा आमचा. मोठेपणाची एक बाजू म्हणजे सगळंच लांब.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी याच जामखेड तालुक्यात. या बाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा घातल्या, कारण चालणारा माणूस थकतो हे त्यांना ठाऊक होतं. कमानी, पाट्या, लेटरहेडं सगळी नव्या नावाची झाली. मैलाचे दगडही रंगवले. नगरच्या जागी अहिल्यानगर लिहिलं, शिर्डीपुढचा आकडा होता तोच ठेवला, आणि मधला रस्ता आमच्या आठवणीप्रमाणे त्या दिवशीही 'काम चालू' होता.

तर चिरंजीव आले. न्यू जर्सीहून दिल्ली, दिल्लीहून काकडी. आम्ही काकूंच्या ओट्यापाशी बसलो होतो, गल्लीतली दोन-तीन माणसंही. सकाळी निरोप आला, "दिल्लीत उतरलो." काकूंनी डाळ शिजायला टाकली. पावणेबारा हजार किलोमीटर संपले होते, आमटीचा वाटण-मसाला अजून पाट्यावर होता. दुपारी तीनला दुसरा निरोप, "काकडीला उतरलो, सामान मिळालं, टॅक्सीत बसतोय." गल्लीत आनंद झाला. कुणीतरी म्हणालं, आता काय, आलाच. काकूंनी तांदूळ धुतले, पाण्यात घातले आणि झाकून ठेवले. कुकरला हात लावला नाही.

साडेचारला फोन वाजला. मागे कुठलं तरी गाणं जोरात लागलेलं होतं.

"आई, कोल्हारचा पूल ओलांडला. लाव आता भात, तासाभरात येतो."

काकूंनी फोन कानापासून जरा लांब धरला, गाणं नीट ऐकलं आणि विचारलं, "ऊस मागं आहे का पुढं?"

"पुढं."

"एक ट्रॉली का दोन?"

"दोन."

काकूंनी तांदळातलं पाणी ओतून दिलं, फ्रीज उघडला आणि पातेलं आत ठेवलं.